पैशासाठी स्थळ

आमच्या शेजारच्या शकूअक्का कस्टमर केअरला फोन लावतात तेव्हा तक्रार शेवटी सांगतात. आधी समोरच्याचं गाव, मग घरी कोण कोण असतं, मग पाऊसपाणी, आणि सगळं झालं की गॅसचा सिलिंडर. पलीकडचा माणूस गोंधळतो, पण फोन ठेवत नाही. अक्कांचा फोन ठेवायची हिंमत आमच्या गल्लीत कुणाची नाही, तिथे बाहेरच्यांची काय कथा!

अक्का मूळच्या हुपरीच्या. घरात चांदीचे पैंजण बनायचे, त्या आवाजातच त्या वाढल्या. पुढे कोल्हापुरात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर पैंजणांच्या नक्ष्या काढायला लागल्या. त्यांची पद्धत अशी : दुपारी गच्चीवरच्या झोपाळ्यावर डोळे मिटून पडायचं. रंकाळ्याकडून वारा येतो, कडी हळूहळू कुरकुरते, आणि जाग आणि झोप यांच्या मधे कुठेतरी नक्षी येते. "दिसत न्हाय गं, आधी वाजती," असं त्या म्हणतात. मग उठून टॅबवर काढतात. मीही कितीदा तरी त्यांच्या शेजारी चटई टाकून लवंडले आहे. मला फक्त झोप लागते.

गल्लीत मात्र अक्कांची कीर्ती आहे ती स्थळांच्या चौकशीसाठी. कुणाच्या मुलीचं जमत आलं की बाप आधी अक्कांकडे येतो. अक्का मुलाच्या गावी जातात, पण त्याच्या घरी पाऊल टाकत नाहीत. डेअरीवर नाहीतर किराणा दुकानात उभ्या राहतात. "पावण्यांपुढं समदीच गोड बोलत्यात. दुकानदाराशी कसा बोलतोय, त्यात माणूस कळतोय."

तर या अक्कांच्या नक्ष्या मार्था नावाच्या एका परदेशी बाईनं इंटरनेटवर पाहिल्या. ती तिकडे छोट्याशा कारखान्यात चांदीचे दागिने बनवते. अक्कांच्या इंग्रजी मेल मीच बघते. बाईनं लिहिलं होतं, तुमच्या नक्ष्यांची एक मालिकाच काढते, प्रत्येक दागिन्यासोबत तुमचं नाव देते, फक्त पैसे कुठल्या ऑनलाइन सेवेतून पाठवू ते कळवा. अक्कांनी नोकरीभर शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कमानी रंगवल्या, खाली नाव मुख्याध्यापकांचं. त्यामुळे 'तुमचं नाव' एवढी जागा त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली.

मी घरी बसून भाषांतरं करते, मलाही बाहेरून पैसे येतात. मी म्हटलं, "अक्का, मी वापरते तीच सेवा घ्या की."

"तुझं बरं चाललंय म्हणून मी तुझ्याच नवऱ्याशी लग्न लावू व्हय?" अक्का म्हणाल्या, आणि चौकशी सुरू झाली.

पहिलं स्थळ गोडबोलं. 'एक पैसाही फी नाही,' असं मोठ्या अक्षरात. अक्कांनी डॉलरचा त्या दिवसाचा भाव पाहिला, स्थळानं लावलेला भाव पाहिला आणि चष्मा काढला. "हुंडा नको म्हणायचं आणि मानपानात वसूल करायचं. नको." दुसरं मुकं. फोन नंबरच नाही, बोलायचं ते यंत्राशी. "उद्या काय झालं तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं?" तिसऱ्याकडून बोलतोय म्हणून कुणाचा तरी फोन आला आणि त्यानं ओटीपी विचारला. "साखरपुड्याआधी तिजोरीची किल्ली मागताय, पावणं?" एवढं बोलून अक्कांनी पुढे त्याला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

चौथं स्थळ मला पसंत होतं. परवाना होता, फी आधीच सांगितलेली, भाव सरळ. फोनवर अकोल्याची पूर्वा नावाची मुलगी होती. गाव-घर झाल्यावर अक्कांनी विचारलं, "पैसे अडकत्यात का गं कधी?"

"अडकतात कधीकधी, काकू. कागदपत्रं तपासायला वेळ लागतो. पण कुठे अडकले ते आम्ही सांगतो."

अक्कांनी फोन ठेवला. "नको. अडकत्यात म्हणाली."

असे दिवस चालले. शेवटी मार्थाबाईची मेल आली : शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर नाइलाजानं दुसऱ्या कुणाच्या नक्ष्या घ्याव्या लागतील. शुक्रवारी दुपारी अक्का झोपाळ्यावर डोळे मिटून पडल्या होत्या, पण काही वाजत नसावं. माझा पारा चढला.

"अक्का, खोड न्हाय असं स्थळ कुठं असतंय? त्या पोरीनं निदान खरं तरी सांगितलं!"

झोपाळा थांबला. अक्का म्हणाल्या, "मला गारगोटीचा एक जण बघाय आलता. मास्तरच. समद्यांच्या देखत म्हणाला, मला राग लवकर येतोय, आधीच सांगून ठेवतो. मी नको म्हटलं."

वारा पडला होता. त्या कठड्याकडे बघत राहिल्या. "त्याच्यानंतर लई आले. समदे शांत सोभावाचे. आपली खोड आपणहून सांगणारा परत कोण आला न्हाय."

अक्का उठल्या आणि त्यांनी टॅब माझ्या हातात दिला. "भर फॉर्म. अकोल्याच्या पोरीचा."

पुढच्या आठवड्यात मार्थाबाईनं कळवलं की पैसे पाठवले. पोचले का ते विचारायला मी अक्कांकडे गेले, तर त्या दाराकडे पाठ करून फोनवर बोलत होत्या.

"पूर्वा, तक्रार न्हाय गं बाई. पैसे पोचले, तेवढंच सांगाय फोन केला. कुणाला तरी सांगावं वाटलं. घरात हाय कोण?"

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. अक्का हसल्या, आणि मग पदरानं डोळे पुसले. फोन ठेवेपर्यंत मी बाहेर थांबले, मग चपला काढून आत गेले आणि त्यांच्या शेजारी बसले.

"अक्का, पैसे आले म्हणं. कसं कसं झालं, सांगा की."

फॉर्म मी भरला होता, मेल मीच लिहिल्या होत्या. तरी अक्कांनी मार्थाबाईच्या पहिल्या मेलपासून सगळं सांगायला घेतलं, आणि मी मांडी घालून ऐकत बसले.