सहा भोकांची पकड

रविवारी सकाळी साडेसात वाजता दत्तात्रेय शिर्के यांनी स्वतःच्याच घराचा मेन स्विच बंद केला, त्याला लाल कुलूप लावलं, कुलपाला पाटी अडकवली आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. पाटीवर लिहिलं होतं, 'काम चालू आहे. हात लावू नये. द. म. शिर्के.' माजघरातला पंखा थांबला आणि स्वयंपाकघरात मिक्सर अर्ध्या खोबऱ्यावर बंद पडला.

"अवो, लाईट गेली काय?" मालूने आतून विचारलं.

"गेली नाय. मी घालवली. काम हाय."

"कसलं काम?"

"जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचाय. गेम खेळायला."

मालू भांडं हातात घेऊनच बाहेर आली. तेहतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून गेमचं नाव तिने फार क्वचित ऐकलं होतं, आणि शेवटचं ऐकलं ते गेम बंद करण्यासाठी.

"मग त्याला आख्ख्या घराची लाईट कशाला घालवायची? पोरगा येणार हाय जेवायला. माझं वाटण ऱ्हायलंय."

"विजेचं काम हाय गो. त्याला नियम एकच."

हा नियम मालूला चांगला ठाऊक होता. रोह्याजवळ धाटावच्या एका कारखान्यात दत्तात्रेयांनी चौतीस वर्षं दुरुस्तीखात्यात काढली होती. मशीन उघडायचं तर आधी वीज तोडायची, आपलं कुलूप लावायचं, आपल्या नावाची पाटी टांगायची. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्या कुणी नाही, मग तो साहेब का असेना. हा नियम एकदा एकाने मोडला आणि मोरू पाटलाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मोरूला इस्पितळात पंधरा दिवस डबा मालूनेच पोचवला होता. तेव्हापासून या घरात पाटीची कुणी थट्टा करत नसे.

सहा महिन्यांपूर्वी दत्तात्रेय निवृत्त झाले, तेव्हा खात्यातल्या लोकांनी शाल-श्रीफळाबरोबर एक सहा भोकांची लोखंडी पकड भेट दिली. कामावर सहा माणसं असली तर सहा कुलपं लागावीत आणि शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन चालू होऊ नये, यासाठी ती असते. आज मेन स्विचला तीच लावली होती. माणूस एकटा, त्यामुळे पाच भोकं रिकामी.

निवृत्त झाल्यावर दत्तात्रेयांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. मुलगा प्रणित डोलवीच्या कारखान्यात कामाला, बायकोसह पेणला राहायला. रोज फोन करायचा. "जेवलास?" "व्हय." "शिफ्ट कुठली?" "फस्ट." "बरं. आईकडं देतो." चौतीस वर्षं आपण शिफ्टमध्ये होतो म्हणून बोलणं होत नाही, असं त्यांना वाटत आलं होतं. आता शिफ्ट नव्हती, तरी बोलणं तेवढंच राहिलं. हे त्यांना फार लागलं.

आणि मग त्यांना खाटेखालचा कॉम्प्युटर आठवला. प्रणित नववीत असताना एका रविवारी बाप-लेक त्यावर रणगाड्यांचा गेम खेळत बसले होते आणि सतराव्या फेरीपर्यंत पोचले होते. दुसऱ्याच दिवशी शाळेतून चाचणीचे मार्क आले. दत्तात्रेयांनी कॉम्प्युटरच्या प्लगवर डबी बसवली, कुलूप लावलं, पाटी टांगली. "परीक्षा झाली का मीच काढीन. मग पुढची फेरी." मार्च २०१०. परीक्षा संपली त्या दिवशी कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता आणि दत्तात्रेयांना तीन आठवडे डबल ड्यूटी होती. प्रणितने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघू. डबल ड्यूटी हाय." तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. कुलपालाही कधी हात लावला नाही.

पेणला फहादचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. फहादने सांगितलं होतं, "काका, हा पेनड्राइव्ह लावा, जुने सगळे गेम यात हायेत. टीव्हीला जोडा, हे दोन रिमोट घ्या, मस्त बसून खेळा." आज दुपारी प्रणित-नम्रता जेवायला येणार. त्याआधी टीव्हीवर रणगाडे दिसले पाहिजेत, एवढंच दत्तात्रेयांना हवं होतं. मुलगा शेजारी बसेल की मोबाइल काढेल, याची त्यांना खरोखर धास्ती होती.

त्यांनी प्लगची डबी उघडली, तारीख पुसट झालेली पाटी काढून खिशात ठेवली आणि कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आत कुंभारीण माशीने मातीचं ऐसपैस घर बांधलं होतं. ते ब्रशने काढण्यात तास गेला. मग वायर जोडायला घेतली, तर कॉम्प्युटरचं तोंड रुंद निळं आणि टीव्हीला मागे नुसती बारीक फट. फहादला फोन लावला.

"मधे जोडायची डबी लागंल काका. माझ्याकडं हाय. मी सांगायला विसरलो."

"अवो, प्रणित पेणवरनंच येतोय," मालू म्हणाली. "त्याला सांगा आणायला."

"त्याला सांगितलं मग मजा काय ऱ्हायली?"

"आणि लाईट?"

"काम अर्धं हाय गो. सगळं उघडं हाय. आल्यावर काढतो."

अशा रीतीने मुलगा पेणहून रोह्याला निघाला त्याच सुमारास बाप रोह्याहून पेणला निघाला. किल्ली बापाच्या खिशात होती.

मालूचा फोन आला तेव्हा ते डबी घेऊन परत निघाले होते आणि रेल्वेगाडी कासू स्टेशनात उभी होती. पुढून मालगाडी यायची होती.

"पोरं आलीत," मालू म्हणाली. "टाकीतलं पाणी संपलं, मोटार बंद. मी पाट्यावर वाटण वाटलं. सून हातपंख्यानं वारा घेतेय. कुलूप फोडू काय?"

गाडीतली माणसं बघत होती, तरी दत्तात्रेयांचा आवाज चढला. "फोडू नको! पाटी कोणाची हाय?"

"तुमची."

"मग?"

"मोरूभावजींची शप्पथ हाय म्हणून ऐकते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कासूला गाडी पाऊण तास उभी राहिली. दत्तात्रेय खिशातली किल्ली चाचपत बसले. मुलगा सात महिन्यांनी घरी आलाय आणि घामाने निथळत बसलाय. आपण त्याच्यासाठी काही करायला जावं आणि कुलूपच लागावं, हे दुसऱ्यांदा झालं होतं. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

दोन वाजता ते घरी पोचले. चपला न काढता मेन स्विचकडे गेले, लाल कुलूप काढलं आणि स्विचच्या दांडीला हात घातला. दांडी हलेना. पकडीच्या दुसऱ्या भोकात एक निळं कुलूप होतं. त्याला डोलवीच्या कामावरची छापील पाटी होती आणि तिच्यावर पेनाने लिहिलं होतं, 'नाव: प्रणित द. शिर्के. काम: गेम. सुरू: मार्च २०१०.'

दत्तात्रेयांनी ती पाटी दोनदा वाचली.

आत प्रणित बनियनवर जमिनीवर बसला होता. समोर कॉम्प्युटर उघडा. तो एक पट्टी खोडरबरने हलक्या हाताने पुसत होता.

"कुलूप तुझं हाय?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"व्हय. कामाला हात लावला म्हणून लावलं. रॅम काळी पडलीय, पंखा अडकलाय. आमच्याकडं पन नियम हाच हाय, बाबा."

"कधी संपंल काम?"

प्रणितने मान वर केली नाही. "बघू," तो म्हणाला. "डबल ड्यूटी हाय."

दत्तात्रेय उभे राहिले. त्यांचा हात खिशातल्या जुन्या पाटीवर गेला. मग प्रणितने वर पाहिलं आणि म्हणाला, "तुमी काढलं काय कुलूप? लावा परत. दोघं कामाला असलं का दोघांचं लागतं."

दत्तात्रेयांनी परत जाऊन लाल कुलूप लावलं. निळ्याच्या शेजारी. मग ते मुलासमोर मांडी घालून बसले आणि त्याने मागितला तो स्क्रू देऊ लागले.

पावणेतीनला दोघांनी आपापली कुलपं काढली. पंखा फिरला, मोटार सुरू झाली, टीव्हीवर विटांच्या भिंती आणि रणगाडे आले. दोघांच्याही पोटात कावळे ओरडत होते. उठून स्वयंपाकघराकडे गेले, तर दाराला कुलूप. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली पाटी कडीला बांधली होती, 'काम चालू आहे. हात लावू नये. चार वाजता येते. मालू.' सासू-सून जेवून शेजारी सादियाकडे निघून गेल्या होत्या. किल्ली अर्थातच मालूच्या कनवटीला होती.



"फोडायचं काय?" प्रणितने विचारलं.

"येडा हायस? पाटी तिची हाय."

"मग चारपर्यंत करायचं काय?"

दत्तात्रेयांनी दुसरा रिमोट उचलून त्याच्यापुढे धरला. प्रणितने तो घेतला. पहिल्या फेरीत बापाने आपलाच किल्ला उडवला. "बाबा, तुमी तवा पन हेच केलंलं," प्रणित म्हणाला आणि हसला. दत्तात्रेयही हसले. कित्येक वर्षांत ते दोघं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसले नव्हते.

चार वाजता मालू आणि नम्रता आल्या. माजघरात बाराव्या फेरीवरून जोरात भांडण चाललं होतं. नम्रता त्यांना पाणी द्यायला आत निघाली, तिला मालूने हाताने थांबवलं. स्वयंपाकघराचं कुलूप काढलं, कडीची पाटी सोडली, 'चार वाजता येते' एवढं पेनाने खोडलं आणि ती पाटी माजघराच्या दाराला बांधली.

मग ती आत जाऊन कालवण पुन्हा गरम करायला लागली.