किती यायला पाहिजे, सर?

"हरेल त्याने रविवारी सकाळी गेटवर स्टूल टाकून बसायचं आणि जो येईल त्याच्या डोक्याची चंपी करायची. अख्ख्या बिल्डिंगची," भालचंद्रने जाहीर केलं.

"मंजूर," प्रल्हादराव म्हणाले. लगेच म्हणाले, कारण त्यांना हरायची भीतीच नव्हती.

भांडण तेलावरूनच पेटलं होतं. प्रल्हादरावांना रात्री झोप येत नसे. वैद्यांनी त्यांना विजया तेल लिहून दिलं होतं. विजया म्हणजे आपली भांग; औषधाच्या बाटलीत गेली की तिला सोज्वळ नाव मिळतं. जिभेखाली दोन थेंब घ्यायचे आणि आडवं व्हायचं. ही बाटली त्यांनी एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या बिल्डिंगखालच्या बाकड्यावर कौतुकाने दाखवली, आणि तिथेच चुकले.

"भांगेचं पान छापलं म्हणजे आत भांग असते होय?" भालचंद्र म्हणाला. "तिळाचं तेल आहे ते. बायकोला विचारा माझ्या. ए सुभद्रा, वास घे."

"मला नको तुमची थेरं," सुभद्रावहिनी म्हणाल्या, पण वास घेतला.

प्रल्हादरावांचं सगळं आयुष्य तारापूरच्या एका औषध कंपनीत, मालाची तपासणी करण्यात गेलं होतं. लेबलचा अपमान त्यांना स्वतःचा वाटायचा. "लेबलवर जेवढा जोर लिहिलाय तेवढाच आत असणार. लॅबचा रिपोर्ट आणून दाखवतो."

तळमजल्यावरची एमिली अंपायर झाली. तिने नियम सांगितला, "अंकल, लेबलशी जुळणारा रिपोर्ट आणला की तुम्ही जिंकले. कंटाळून सोडून दिलं तर भालचंद्र अंकल जिंकले. आणि मध्ये कोणी रडायचं नाय."

पहिला रिपोर्ट शनिवारी मोबाईलवर आला. तो ऐकायला तिघंही प्रल्हादरावांच्या घरी जमले. त्यांची बायको मीरा गेल्यापासून त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या असून बसणारा एकच होता. बाकीच्या तीन खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे बसायचे. त्या दिवशी कपड्यांना उठवावं लागलं.

"लेबलच्या दुप्पट," प्रल्हादरावांनी पडलेल्या आवाजात वाचलं.

"म्हणजे तुम्ही रोज डबल डोस मारताय," भालचंद्र खूश होऊन म्हणाला. "तरीच परवा लिफ्टला नमस्कार केलात."

"तो लिफ्टमधल्या जोशींना केला होता. लॅब चुकली. दुसरीकडे पाठवतो."

दुसऱ्या लॅबने लेबलच्या निम्मंच सांगितलं. तेच तेल, तीच बाटली. प्रल्हादरावांनी दोन्हींची सरासरी काढून पाहिली, पण एमिलीने ती मान्य केली नाही. "उद्या तुम्ही माझी नि सुभद्रा आंटीची सरासरी काढून बोलाल की दोघी सेम." तिसरी लॅब म्हणाली, भांग आहे, पण नावापुरती. भालचंद्र टाळ्या पिटत स्वयंपाकघरात गेला आणि स्वतःच सगळ्यांचा चहा टाकला. साखरेचा डबा कुठे असतो हे एव्हाना त्याला पाठ झालं होतं.

एमिली फुग्या, त्यांच्याकडचे ते मैद्याचे गोल फुगणारे गोळे, तळून आणू लागली. सुभद्रावहिनी आपली भाजी निवडायला इथेच घेऊन येऊ लागल्या. रिपोर्ट दहा मिनिटांत वाचून व्हायचा, मंडळी दिवेलागणीपर्यंत हलायची नाहीत. लॅबवाले नालायक, लेबलवाले चोर, भालचंद्रची सोरायसिसची पाठ, एमिलीच्या नणंदेचं लग्न. एकातून एक निघत जायचं. प्रल्हादराव शनिवारी तेल न घेताच झोपू लागले. चार जणांनी एकदम घोरावं तसे घोरत.

आणि चौथ्या लॅबसाठी तेल भरायला बसले तेव्हा त्यांचा हात थांबला. हा रिपोर्ट जुळला तर? पैज जिंकणार. मग शनिवारी कोण कशाला येईल?

आयुष्यभर नमुन्यांवर पहारा देणारा माणूस उठला, न्हाणीघरात गेला आणि नमुन्याच्या बाटलीत डोक्याला लावायचं खोबरेल भरून आला. खोबरेलात भांग सापडण्याचा प्रश्नच नव्हता. निदान एक आठवडा तरी सुटला.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून एका मुलीचा गोड आवाजात फोन आला. "सँपल मिळालं, सर. किती यायला पाहिजे?"

प्रल्हादरावांना ही चौकशी वाटली. त्यांनी लेबलवरचा आकडा सांगितला. "ओके, सर," मुलगी म्हणाली.

शनिवारी रिपोर्ट उघडला. लेबलवर होतं तेवढंच. दशांशसुद्धा चुकला नव्हता.

"घ्या. जुळलं," भालचंद्र मटकन बसला. मग मोठ्या मनाने हसला. "चला, आता माझी चंपी. संपलं एकदाचं."

"बरं झालं," सुभद्रावहिनींनी परडीतली भेंडी पिशवीत भरली. एमिलीने फुग्यांचा डबा बंद केला. खुर्च्या मागे सरकल्या.

"थांबा," प्रल्हादराव म्हणाले. "ते खोबरेल होतं."

"काय होतं?"

"मी पाठवलं ते. माझ्या डोक्याचं. भांगेचा थेंबही नव्हता त्यात."

मग भालचंद्रला हसू फुटलं. "म्हणजे खोबरेलातून भांग काढली त्यांनी? अहो, पण तुम्ही जिंकायची पैज हरायला का निघालात?"

प्रल्हादराव टेबलावरचा एक पुसलेला डाग पुन्हा पुसत राहिले. "जुळलं असतं तर संपलं असतं ना."

एमिलीला आधी समजलं. "अंकल, मग सरळ बोलवायचं आम्हाला. तेल कशाला पाठवत बसले?"

"बोलावलं होतं. दसऱ्याला. सगळ्यांना काही ना काही काम होतं."

सुभद्रावहिनींनी पिशवीतली भेंडी पुन्हा परडीत ओतली. शेवटी एमिलीने घसा साफ केला. "अंपायरचा निकाल. चीटिंग केली, प्रल्हाद अंकल हरले. रविवारी गेटवर."

रविवारी गेटजवळ स्टूल पडलं. प्रल्हादराव बनियनवर, खांद्यावर पंचा, हातात खोबरेल. बिल्डिंगमध्ये बातमी आधीच पसरली होती. पोरंटोरं, वॉचमन, लिफ्टमधले जोशी, सगळे रांगेत. कोणी मोबाईलवर शूटिंग करत होतं. पहिला मान अर्थात विजेत्याचा. भालचंद्र ऐटीत स्टुलावर बसला.

दुसऱ्याच्या डोक्याला हात लावून प्रल्हादरावांना किती दिवस झाले होते कोण जाणे. आधी बोटं बिचकली, मग त्यांना जुनी चाल सापडली. भालचंद्रची मान हळूहळू पुढे लवंडली.

"झालं," थोड्या वेळाने प्रल्हादराव म्हणाले. "उठा आता, मागे लोक उभे आहेत."

भालचंद्रने डोळे उघडले नाहीत.

"हरलात ना?" तो पुटपुटला. "मग गप चोळा."