हमीदचाचांची बिनबिल्ल्याची डाय

हमीदचाचा भेंडी कापून बघितल्याशिवाय खात नाहीत. भाजीतली शिजलेली भेंडीसुद्धा. डबा उघडला की खिशातून छोटा चाकू काढतात, एक भेंडी मधोमध आडवी कापतात आणि तिचं कापलेलं तोंड उजेडाकडे धरतात. पाच कोन, पाच खण, प्रत्येक खणात एक दाणा. "बघा," म्हणतात, "एक भिंत पातळ न्हाई, एक जाड न्हाई. ह्याची डाय कुणी बनवली असंल?" मग मान हलवून खातात. आम्ही बाकीच्यांनी तोवर जेवून हात धुतलेले असतात.

चाचा आमच्या कारखान्यात डाय बनवतात. कारखाना जालन्याच्या एमआयडीसीत आहे आणि तिथे प्लास्टिकच्या पट्ट्या आणि नळ्या निघतात. कुणाला कूलरच्या दाराला पट्टी पाहिजे असते, कुणाला खिडकीच्या काचेला, कुणाला पेरणी यंत्राला नळी. ज्याला जो आकार पाहिजे तो आम्ही काढून देतो. मी पहिल्या दिवशी मशीन पाहिलं तेव्हा घाबरले होते. मग लक्षात आलं की हा तर मोठा सोऱ्याच आहे. पिठाऐवजी प्लास्टिकचा दाणा, हाताऐवजी मोटार, आणि सोऱ्यात शेवेची नाहीतर चकलीची चकती घालतो तशी पुढे पोलादाची डाय. डायला जसं भोक, तसा माल. तो गरम गरम बाहेर येतो, पाण्याच्या टाकीतून जातो, घट्ट होतो आणि माझ्यासमोर येतो. मी मापाने कापते आणि गठ्ठे बांधते.

सोऱ्याची गोष्ट मी चाचांना सांगितली आणि ते माझ्यावर खूश झाले. त्या दिवाळीत मी चकल्या नेल्या. चाचांनी एक मोडली, तोंड पाहिलं आणि म्हणाले, "कांता बेटी, चकतीचे काटे घासले तुझे. घेऊन ये उद्या." मी नेली. दोन दिवस त्यांनी ती कानशीने घासली आणि परत दिली. पुढच्या वर्षी चकलीला असे काटे आले की सासूबाईंची हिरडी सोलली. त्यांनी नाव मात्र ठेवलं नाही. "रूप चांगलंय," म्हणाल्या, आणि चहात बुडवून खाल्ली.

"आधी तोंड बघा, मंग माल बघा," हे चाचांचं पालुपद. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी त्यांनी डॉक्टरीणबाईंना सुईचं तोंड दाखवायला लावलं होतं. माणसंही ते अशीच कापून बघतात, मनातल्या मनात. माल तपासायला येणारा एक साहेब आहे, तो आत हवा भरलेला फुगा. आमचे धाकटे शेठ बाहेरून चौकोनी, आतून पोकळ, "पण भिंत मजबूत है, दबायचे न्हाईत." माझ्याबद्दल एकदा कुणीतरी विचारलं. मी खाली मान घालून गठ्ठा बांधत होते. चाचा म्हणाले, "ती भरीव है. वरून डिझाईन न्हाई, बस." त्यावर सगळे हसले. मला मात्र ते बरं वाटलं.

नवी डाय लावली की पहिली पट्टी वाकडीतिकडी येते. कुणी हसलं तर चाचा दटावतात. "झोपेतून उठून राह्यली ती. तोंड तर धुऊ द्या." ती टाकीत जाऊन सरळ होईपर्यंत मशीनजवळ कुणी बोलायचं नाही, शिंकायचंही नाही. "बाळंतपण चालू है," म्हणतात. सरळ झाली की पहिला तुकडा कापून त्याचं तोंड बघतात, आणि ते "बराबर" म्हणाल्यावरच मग आम्ही श्वास घेतो.

डाय ठेवायला भिंतीला लोखंडी मांडणी आहे. चौथीपर्यंत शिकले तरी माझं अक्षर वळणदार आहे, म्हणून प्रत्येक डायला बांधायचा पत्र्याचा बिल्ला मी लिहिते. त्यावर नंबर, गिऱ्हाईक, माल, आणि शेवटी चालू किंवा बंद. पण सगळ्यात खालच्या खणात एक डाय बिनबिल्ल्याची होती. भाकरीएवढी गोल, उचलली की मनगट वाकवणारी. तिचं भोक अर्ध्या चंद्रासारखं आणि चंद्राच्या पाठीवर दोन टेंगळं. कुणाची म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"है एक गिऱ्हाईक," चाचा म्हणाले. "लई किरकिरं. तक्रारी रोज, ऑर्डर सालातून एकदा."

गेल्या वर्षी मोठ्या शेठांनी कारखान्यात येणं बंद केलं आणि कारभार धाकट्यांकडे आला. त्यांनी मांडणी आवरायला काढली. चालू डाय ठेवायच्या, बंद आणि बिनबिल्ल्याच्या भंगारात. जालन्यात पोलादाच्या भट्ट्यांना भंगार किती घातलं तरी कमीच पडतं, शनिवारी सकाळी टेम्पो यायचा होता. चाचा तेव्हा घर बदलायचं म्हणून चार दिवस सुट्टीवर होते. वाचायचं काम असल्याने डाय मलाच निवडायला सांगितल्या. मी शुक्रवारी दुपारभर निवडल्या. बिल्ला बघायचा आणि इकडे नाहीतर तिकडे ठेवायची. ती भाकरीएवढी डाय मी माझ्याच हाताने भंगारात ठेवली. हुकूमच तसा होता. मनात आलं होतं की चाचांना विचारावं, पण मी न विचारणाऱ्यांतली.

चाचांचं घर माझ्या वाटेवर. घर हलवताना चूल कुठली पेटणार, म्हणून संध्याकाळी भाकरी आणि भेंडीची भाजी घेऊन गेले. जिना चढून कडी वाजवली. आतून बाईचा आवाज आला, "आयी, आयी." दार उघडलं ते जुलेखाचाचींनी. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. त्या माझ्याकडे न बघता, माझ्या खांद्याशेजारी बघून हसल्या. मला कळलं, त्यांना दिसत नाही. साखरेने डोळे गेले, त्याला आठ वर्षं झाली, हे त्यांनीच पुढे सांगितलं, जसं कुणी नळाचं पाणी गेल्याचं सांगतं.

पण चालणं बघावं तर माझ्यापेक्षा जलद. हात भिंतीवर आणि पाय पुढे. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर काळी पट्टी बसवली होती, दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून न्हाणीपर्यंत. त्यांनी माझा हात धरून पट्टीवर ठेवला.

"ये देख. दो टेकडी हैं तो चूल. एक टेकडी तो न्हाणी. सपाट लगा तो दरवाजा. इनोंच टेकडी घासके बनाते. पैले उल्टी लगायी थी, मैं चाय बनाने न्हाणी में गयी."

माझ्या बोटांखाली अर्धा चंद्र होता आणि त्याच्या पाठीवर दोन टेंगळं.

पलीकडे चाचा स्टुलावर उभे राहून छिन्नीने पट्टी काढत होते. ती डिंकाने अशी धरली होती की वीतभर निघाली की तुटत होती. खाली तुकड्यांचा ढीग पडला होता. नवं घर तळमजल्यावर मिळालंय, म्हणाले, चाचींना जिना नको म्हणून. पण नव्या घरात कोऱ्या भिंती. सामान हललं, चाची हलायला तयार नाहीत.

"उसको बोल, नयी पट्टी ला," चाची मला म्हणाल्या. "चार दिन से बहाने सुना रहे. बिना पट्टी मैं नै जाती. वहाँ क्या, खाट पे बैठके दीवार देखूँ?"

"सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं है," चाचा वरून म्हणाले. "डाय तर ठेवलीच है ना खालच्या खणात. काढून देतो म्हणलं न्हाई का?" मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हे ते गिऱ्हाईक."

मी हसू शकले नाही. डबा ठेवला आणि घाईने निघाले. डाय भंगारात ठेवल्याचं चाचांना सांगितलंच नाही.

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी गेले. तरी टेम्पो आला होता आणि निम्मा भरला होता. धाकटे शेठ तिथेच उभे. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी "हो शेठ" याच्या पलीकडे बोलले नव्हते. मी टेम्पोत चढले. डाय दोन लोखंडी तुकड्यांखाली होती. ओढून काढली, पदराला ग्रीस लागलं, आणि पोटाशी धरून खाली उतरले.

"ही चालू आहे," मी म्हणाले.

"बिल्ला कुठंय तिचा?"

"माझ्याकडून राहिला."

"गिऱ्हाईक कोण?"

"जुलेखाबी."

"ही कुठली कंपनी?"

"जालन्यातलीच. लहान ऑर्डर असते शेठ. सालातून एकदा."

पुढचं खोटं मला येत नव्हतं, म्हणून खरं ते सांगितलं. डोळे, भिंत, टेकड्या, कोरं घर, सगळं. एवढं मी सलग कधी बोलले असेन असं मला आठवत नाही.

शेठनी डाय माझ्या हातातून घेतली, वजन पाहिलं, भोकातून पलीकडे पाहिलं. "बाबांना माहीत असणार हे," म्हणाले. "बिल्ला लिहा, कांताबाई. बिनबिल्ल्याचं काही ठेवायचं नाही." आणि स्वतः नेऊन मांडणीवर ठेवली, खालच्या नाही, मधल्या खणात.

सोमवारी चाचा आले ते सरळ खालच्या खणाकडे वाकले. तिथे काही नव्हतं. ते वाकलेलेच राहिले. मी जवळ जाऊन मधल्या खणाकडे बोट दाखवलं. त्यांनी बिल्ला हातात घेतला, पण चष्मा घरी सामानात गेला होता.

"वाच."

"गिऱ्हाईक, जुलेखाबी. माल, भिंतीची पट्टी."

"आणि शेवटी काय लिवलं?"

"चालू."

त्यांनी बाहीने बिल्ला पुसला. तो स्वच्छच होता. "गिऱ्हाईकाला सांगू नको," म्हणाले. "डोक्यावर बसंल."

जेवणाच्या सुट्टीत उरलेला काळा दाणा मशीनमध्ये घातला. पट्टी आली, वाकडी, मग टाकीत तोंड धुऊन सरळ झाली. मी चाचांपुढे चाकू धरला, पहिला तुकडा कापून तोंड बघायला. त्यांनी घेतला नाही. डोळे मिटले आणि अंगठा पट्टीवर ठेवून तिच्याबरोबर हळूहळू मागे चालू लागले. दोन टेकड्या, दोन टेकड्या. कटिंगच्या टेबलाला पाठ लागेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

मला शिंक येत होती. मी ती दाबून धरली.