पुढचा थांबला तर?

विलासने मला फसवलं. पंक्चरच्या टपरीपासून आंधळगावात स्पेअर पार्टच्या दुकानापर्यंत आलो, तोवर एकाही व्यापाऱ्याला जे जमलं नव्हतं, ते या शेजाऱ्याला जमलं.

माणूस तसा साधा. फक्त कोणाला चिकटत नाही. चक्कीवरच्या रांगेतही पुढच्यापासून खाटभर अंतर ठेवतो. मधे बाया घुसतात, हा मागेच.

"काहून बे, सरक ना!" मी मागून ओरडतो.

"सरकतो भाऊ. पन पुढचा थांबला तर?"

कामही तेच. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून असा डबा बनवतो, जो पुढची गाडी बघून मोटारीचा वेग स्वतः कमीजास्त करतो. रस्ता ओला असला, ओझं जास्त असलं, की अंतर आपोआप वाढवतो. तो माझ्या गाडीत लावून पाहायचा होता.

"माझीच गाडी कायले?"

"तुमची गाडी चांगली हाय भाऊ."

"मग डिझेल तुझं."

घासाघीस न करता हो म्हणाला. तिथेच मला शंका यायला हवी होती.

मोहाडीच्या रस्त्यावर तणसाने, म्हणजे भाताच्या पेंढ्याने लादलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे, मी मागे. विलास माझ्या शेजारी बसणार होता. ऐनवेळी तणसावर चढला, तोही मागच्या टोकाला. मला फक्त ब्रेकवर पाय तयार ठेवायचा होता.

डबा सुरेख चालला. मग गतिरोधकाशी ट्रॉली हळू झाली. माझी गाडीही हळू झाली, पण ट्रॉलीच्या आणखी जवळ जातच राहिली. समोरची काच तणसाने पिवळी झाली, मग काळी. काहीच दिसेना. ब्रेकवर उभाच राहिलो.

खाली उतरलो. वर पाहिलं, तर विलासचे पाय माझ्या टपाला टेकलेले.

"मरतोस का बे?"

त्याचे ओठ पांढरे होते. हातातला मोबाइल शूटिंग करतच होता.

"डब्याचा डोळा खाली बंपरात हाय भाऊ. तो ट्रॉलीचं लोखंड मोजते, वरून लोंबणारं तणीस त्याले दिसत नाही. कंपनीले सांगून राहिलो, तर म्हणतात, आमच्या मैदानावर तणीस येत नाही. इथं मजूर त्याच्यावरच बसून घरी जातात. माणूस बसलेला दिसला, तर तरी आयकतील."

"मग तूच काहून?"

"ट्रॅक्टरवाल्याले लेकरं हायेत. माह्या घरी कोन वाट पाहते?"

"अन् मी?"

"तुमचा पाय लय भित्रा हाय भाऊ. ब्रेकवर असाच पाय पाहिजे होता."

मला भित्रा म्हणणाऱ्याला मी गावात गाडी लावल्यावर दंडाला धरून घरी जेवायला नेलं. वाटेत तो पहिल्यांदाच मला चिकटून चालला.

व्हिडिओ कंपनीला गेला. उत्तर नाही. तर कंपनीवाले साहेब, तुम्हीच इकडे या. त्या तणसावर बसा, मागून गाडी मी आणतो. आणि बसल्या जागेवरून सांगा, पुढचा थांबला तर जबाबदार कोण?