साहेबांच्या अंगठ्याएवढं बटण

सोय एकदा झाली की ती सांभाळायला माणसं लागतात. आमच्या कार्यालयात मोबाईलची अ‍ॅप बनवायला असंच एक लेआउट एडिटर आलं. पडद्यावर बटण ओढायचं, हवं तिथे सोडायचं, कोड लिहायची गरजच नाही. म्हणून कोड लिहिणाऱ्या दोघांना सन्मानाने घरी पाठवलं. (पुष्पगुच्छ चांगला होता.) महिनाभरात कळलं की एडिटरला बरंच काही येत नाही, ते शिकवायला स्क्रिप्ट, म्हणजे छोट्या आज्ञावल्या, लिहाव्या लागतात. आजमितीस त्रेसष्ट आहेत. कोड मात्र आम्ही लिहीत नाही.

त्यांतली सर्वांत गुणी स्क्रिप्ट 'सुबक'. मांडणी जतन केली रे केली, की ती प्रत्येक बटण साहेबांच्या अंगठ्याच्या मापाचं करते. माप रीतसर पट्टी लावून घेतलं होतं. अंगठा नाजूक आहे, कारण साहेबांनी त्याला आयुष्यात कधी कामाला लावलेलं नाही.

सध्याचं अ‍ॅप रुग्णवाहिका बोलावण्याचं; ते केव्हाच लोकांच्या मोबाईलवर गेलं आहे. मांडणी करणाऱ्या बाईंच्या वडिलांना दमा आहे, हातही थरथरतात. म्हणून बाईंनी 'रुग्णवाहिका बोलवा' हे बटण मोठं केलं. सुबकने ते लहान केलं. असं सतरा वेळा झालं. (यंत्र कंटाळत नाही, हा त्याचा मोठा गुण.) अखेर त्या साहेबांकडे गेल्या आणि वडिलांच्या जिवाची भीती वाटते, असं स्पष्टच बोलल्या.

साहेबांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. "मला तर जमतंय," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात सकाळी वडिलांना धाप लागली. घरी ते एकटेच. त्यांनी अ‍ॅप उघडलं, बोट बटणाशेजारी पडलं आणि त्रेसष्टाव्या स्क्रिप्टने तत्परतेने विचारलं, 'आमची सेवा कशी वाटली?' थरथरता अंगठा ताऱ्यांवर आदळला, पाच तारे उमटले. अ‍ॅपने आभार मानले. शेजाऱ्याने खोकला ऐकून त्यांना स्वतःच्या गाडीत घातलं, म्हणून ते वाचले.

बाई बैठकीत रडल्या. मला फार वाईट वाटलं आणि मी ते इतिवृत्तात घेतलं नाही. साहेबांनी शांतपणे अहवाल उघडला.

"बाई, तुमच्या वडिलांनीही पाच दिलेत."

तक्रार निकाली निघाली. चाळीस हजार लोक पाच तारे देत असताना एका म्हाताऱ्यासाठी माप बदलता येत नाही. त्या चाळीस हजारांत तुम्हीही आहात. समोरची चौकट एकदाची जावी म्हणून तुम्ही न वाचताच दाबलं होतंत. साहेबांनी ते मत म्हणून धरलं आहे.