संपतचा लाल नकाशा

एसटीत चढल्यावर लोक खिडकीची जागा बघतात. संपत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' कुठे लिहिलंय ते बघायचा, आणि तिथला खटका हलतो का हे तपासूनच बसायचा. मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर शिरूरहून शिक्रापूरला निघालो, तेव्हा तो खटका खरोखरच हलला आणि दार उघडलं. नशीब, गाडी अजून स्टँडवरच होती. कंडक्टरनं जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही. संपत मात्र खूश. "उघडतंय," तो मला म्हणाला, "आता बस."

शिरूरला आमच्या सिव्हिल डिप्लोमाच्या वर्गात त्याला सगळे 'समजा' म्हणायचे. "आन् समजा पंखा पडला तर?" "आन् समजा जिना वल्ला असला तर?" मूळचा कवठे येमाईचा, शिक्रापुरात कंपनीतल्या कामगारांच्या चाळीत खोली घेऊन राहणारा, अंगानं चांगला दणकट गडी. पण कॅन्टीनचा वडा फोडून आत बघितल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. असा हा माणूस मॅडमनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला माझ्या आणि ऋतुजाच्या गटात टाकला.

विषय होता 'शिक्रापूरसाठी शाश्वत नागरी सुधारणा'. ऋतुजाच्या डोक्यात सगळं तयार होतं: झाडं, बाकडी, सोलरचे दिवे, पावसाचं पाणी जिरवायचे खड्डे. संपतनं पहिल्याच दिवशी विचारलं, "शाश्वत म्हंजी मरायचं न्हाई, असंच ना?" ऋतुजानं समजावलं की तसं नव्हे, पुढच्या पिढीला पुरेल असं काहीतरी. त्यानं मान डोलावली. "तेच की. पुढची पिढी रस्ता वलांडून घरी आली पायजे." ऋतुजानं वहीत पुन्हा झाडं काढायला घेतली.

तो मध्ये मध्ये येऊ नये म्हणून आम्ही त्याला पाहणीच्या कामाला लावलं. गावाचा एक मोठा नकाशा आणि लाल स्केचपेन घेऊन तो गेला. आठवड्यानं नकाशा परत आला तो गोवर उठलेल्या पोरासारखा. जिथं जिथं भीती वाटते तिथं तिथं ठिपका. गटारावरची हलणारी फरशी, वळणावरची लोंबणारी केबल, दुकानाचा पुढे आलेला पत्रा. ऋतुजानं झाडाखाली बाकडं दाखवलं होतं तिथं तर तीन ठिपके. तिथं ट्रेलर मागं घेतात, आणि बाकड्यावरच्या माणसाची पाठ नेमकी ट्रेलरकडे येते, असं त्याचं म्हणणं.

मी पोट धरून हसलो आणि त्याला खोटं पाडायला एका दुपारी त्याच्याबरोबर शिक्रापूरचा हायवे ओलांडायला गेलो. अर्ध्यात दुभाजकावर अडकलो. पुढून कंटेनर, मागून कंटेनर, पायाखालचं सिमेंट थरथरतंय आणि चाकांचा गरम वारा पोटऱ्यांना लागतोय. संपतनं माझ्या सॅकचा पट्टा घट्ट धरला होता. मी त्याला सोड म्हटलं नाही. खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती, आणि त्या दिवसापासून मला रस्त्यावर सुखानं चालता येईना. हॉर्न वाजला की मी कुंपणाला चिकटायचो.

पण खरं संकट पुढेच होतं. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर येणार होते, आणि गटातला एक जरी गप्प राहिला तरी तिघंही नापास होणार होतो. संपत वर्गात उभं राहून कधी हजेरीपलीकडे बोललेला नव्हता. "आन् समजा आवाजच न्हाई फुटला तर?" असं त्यानं मला त्या आठवड्यात इतक्यांदा विचारलं की माझंच जेवण कमी झालं.

परीक्षेच्या दिवशी ऋतुजानं झाडं सांगितली, मी पाणी सांगितलं. सरांचं लक्ष मात्र आम्ही कोपऱ्यात टांगलेल्या लाल नकाशाकडे. हे कुणाचं, त्यांनी विचारलं. संपत उभा राहिला आणि उभाच राहिला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ऋतुजानं डोळे मिटून घेतले. वर्ष गेलं, असंच मी धरून चाललो.

सर उठून नकाशाजवळ गेले आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथं भिण्यासारखं काय आहे?"

"तितं एक मावशी भाजी घिऊन बसत्यात, सर," संपतचा आवाज चिरका निघाला, पण निघाला. "त्यास्नी ऐकू येत न्हाई. मागनं गाडी आल्याली कळत न्हाई."

सरांनी बोट सरकवलं. तिथं दोन लहान पोरी शाळेला जाताना रस्ता ओलांडायच्या, धाकटीला पळता यायचं नाही. पुढच्या ठिपक्यावर चाळीतला बिहारी पोरगा अंधारात बिनदिव्याची सायकल घेऊन वळायचा. बोट फिरत राहिलं आणि संपत बोलत राहिला. इतके दिवस आम्ही ज्याला संपतची भीती म्हणत होतो, त्यातला एकही ठिपका त्याचा स्वतःचा नव्हता. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. सरांनी ऋतुजाला एवढंच सांगितलं की झाडं लावा, पण आधी हा नकाशा बघून लावा. आम्ही पास झालो.

दुपारी माझ्या मोटारसायकलवरून त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. एवढं भ्यायला तुला वेळ कुठून मिळतो, असं मी त्याला चिडवत होतो तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. परीक्षा कशी झाली, खाल्लंस का, गाडी सावकाश चालव. संपत माझं बोलणं संपेपर्यंत थांबला.

"तुझ्यासाठी भ्यायला घरात माणूस हाय," तो म्हणाला. "आई गेल्यापास्नं माझं मलाच भ्यावं लागतंय. मग भ्यायला बसलोच हाय तर म्हटलं बाकीच्यांचंबी भिऊन घ्यावं."

शिक्रापूरची एसटी लागली, तो पायरीवर चढला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पोचलास की फोन कर."

"कशाला?"

"पोचलास ते कळायला."

तो दांडा धरून पायरीवरच थांबला. कंडक्टरनं घंटी मारली.

तासाभरानं फोन आला. "पोचलो," संपत म्हणाला. मी बरं म्हटलं. त्यानं फोन ठेवला नाही.

"गणेश," त्यानं हळूच विचारलं, "पोचलो म्हटल्यावर म्होरं काय म्हणत्यात?"