सूर्याला धुराडं

या, अशा जवळ बसा. आणि आधी ते हसणं आवरा! आमच्या भानुदास मास्तरांना खुळा म्हणता? जिभेला काही हाड?

आता हे खरं, की जामखेडात कुणाच्याही घरी गेले की मास्तर रामराम घालायच्या आधी चुलीपाशी वाकायचे. "धग बाहेर कुठून जाते?" बाई भाकरी थापतीय अन् हे चुलीत डोकावतायत!

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. मास्तरांच्या बायकोला, सरूला दमा. डॉक्टरांनी धूर बंद सांगितला, गावात स्टोव्हपुरत्या रॉकेलचीही मारामार, म्हणून ती नगरला भावाकडं राहायला गेली. लोक म्हणायचे, कंटाळून पळाली. अन् मास्तर? ते बोलायचे रशियाबद्दल!

कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं, तिकडं चुंबकाच्या कड्यात सूर्यासारखा जाळ कोंडतात. अधांतरी! भिंतीला शिवतसुद्धा नाही! आम्ही तोंडात बोटं घालायचो, मास्तर हात झटकायचे. "कोंडायचं जमंल हो, आक्का. पण कडेची धग काढायची कुठून? चुंबकानं वळवून मागल्या खोलीत न्यावी, तर सगळी पडते तिथल्या बोटभर पट्टीवर. लोखंडबी वितळंल!"

"मग वो?"

"पसरायची! तिरपी पाडायची!"

आणि हे रशियाचं कोडं मास्तर सोडवायला बसले आपल्या चुलीत. चुलीमागं मातीची हातभर बंद खोली केली, तिला पत्र्याचं धुराडं. पहिल्याच दिवशी जाळ सरळ मागं धावला, एकाच जागी आदळला, पत्रा लालबुंद, अन् वरचं छपराचं पाचट पेटलं! दुष्काळातलं प्यायचं पाणी आम्ही घागरींनी ओतलं. आमचे हे ओरडले, "मास्तर, तुमचा रशिया पेटला!" मास्तर भिजून नाचतायत, "बघा, बघा! एकाच पट्टीवर पडली!"

मग मागल्या खोलीत त्यांनी कौलं तिरपी बसवली. किती वेळा मोडली, किती वेळा लिंपली.

एकदा पिठलं द्यायला गेले, तर काय बघते! मास्तर सरूच्या पाटावर बसलेत, तिचं पिवळं लुगडं पदरासारखं डोक्यावरून घेतलंय, अन् फुंकणीनं चूल फुंकतायत. मला हसू आवरेना.

"हसा, आक्का. ती बसते तेवढंच खाली बसून बघतोय. पदराला काजळी धरती का ते."

पदर पिवळाच होता.

"अहो, मग बोलवा की तिला!"

मास्तर चुलीकडंच बघत म्हणाले, "आली अन् खोकला उठला तर? पुन्हा एष्टीत बसवायला जमायचं न्हाई मला."

शेवटी मीच नगरला जाऊन तिला आणली. सरूनं चूल पेटवली. जाळ मागं गेला, पसरला, धूर वरून पसार. मास्तर दारात तिच्या खोकल्याकडं कान लावून उभे. पहिली भाकरी फुगली, दुसरी फुगली.

"असं खांबावानी काय हुबं ऱ्हायलाय?" सरू म्हणाली. "ताट घ्या!"

तर लवकर या एकदा आमच्या जामखेडात. मास्तरांकडं घेऊन जाते. आधी चूल दाखवतील, मग पाणी विचारतील, तेवढं सोसा. सरूच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय काही सोडायची नाही मी तुम्हाला.